देवाच्या भांड्यातली कॉफी

बाई,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. माझ्या मोठ्या भावाने चिखलदऱ्यावर एका बंद बंगल्यामागची कॉफीची जुनी बाग मक्त्याने घेतली आहे. तिथल्या विहिरीजवळची काही झाडं बाकीच्या झाडांहून वेगळ्या जातीची आहेत.
२. यंदा त्याने त्या झाडांच्या बिया निराळ्या वाळवल्या आणि अकोल्याला माझ्याकडे आणल्या.
३. मी त्या भाजल्या आणि कुटल्या.
४. आईने पहिली कॉफी देवाला दाखवायची ठरवली आणि ती देवाच्या पितळी भांड्यात केली. दूध नासलं.
५. माल घेणारा व्यापारी त्या वेळी घरात बसला होता. त्याने मला विचारलं. मी बी सदोष आहे असं सांगितलं आणि तसं लिहून सही करून दिली.
६. व्यापाऱ्याने बाकीच्या बागेचा माल घ्यायचं कबूल केलं. अट अशी की ती वेगळी झाडं काढून टाकायची.
७. येत्या गुरुवारी भाऊ वर जाऊन ती तोडणार आहे.
८. बी सदोष नव्हती.

तुम्ही असतात तर पहिल्याच कलमावर बोट ठेवून विचारलं असतंत, वेगळी म्हणजे कशी? तर पालवी हिरवी नसते, तांबूस असते. फळ पिकलं तरी बाकीच्या झाडांसारखं गर्द लाल होत नाही. बी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, आणि मधली चीर सरळ नसून वाकडी. जातीचं नाव कोणालाच ठाऊक नाही. बंगल्याच्या साहेबाने कुठून तरी आणून लावली आणि तो विलायतेला निघून गेला, एवढंच तिथला माळी सांगतो. भावाला तरी कुठून माहीत असणार. तो वलगावच्या मळ्यात वांगी, मेथी आणि झेंडू लावत मोठा झाला. उन्हाळ्यात बंगल्यांवर भाजी द्यायला वर जायचा, तेव्हा ती ओसाड बाग त्याच्या डोळ्यांत भरली. आमची आई अजून म्हणते, "भाजी इकाले गेला अन् बाग घेऊन आला. उद्या डोंगर घेऊन येईन." मळा चुलत्याच्या हवाली करून तो वर जाऊन राहिला. माल घेणारा भेटला नाही तर त्याला खाली येऊन त्याच मळ्यात चुलत्याच्या हाताखाली राबावं लागेल. हे तो कधी बोलून दाखवत नाही, पण घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी अकोल्याला एका तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत काम करते. लढाईमुळे आधीचा माणूस गेला आणि जागा मोकळी झाली, नाहीतर बाईमाणसाला कोणी घेतलं नसतं. सरकीच्या तेलात आम्ल किती वाढलं आहे हे मोजणं हे माझं मुख्य काम. आई माझ्याजवळ राहते. भाऊ त्या दिवशी आला तो थैली टेबलावर ठेवून म्हणाला, "घे वं डाक्टरीण, तपास याले." मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. तो म्हणाला, "सरकीची त आहेस ना." मग स्वतःच सांगत बसला की हिवाळाभर तो फळं वाळत घातलेल्या चटयांजवळ झोपला, दव पडायच्या आत फळं झाकायची, ऊन आलं की उघडून हाताने फिरवायची, माकडं आली की दगड मारायचे. एवढं करून त्याला कॉफी आवडत नाही. "मले त ते जळालेल्या हरभऱ्यावानी लागते," तो म्हणाला. "पण वासानं जीव येडा होते, हे खरं."

व्यापाऱ्यालाही कॉफीतलं फारसं कळत नव्हतं. अकोल्यातला किराण्याचा मोठा घाऊक माणूस, वयस्क, बोलायला गोड. त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं की तपकिरीने त्याचं नाक केव्हाच मेलं आहे, मिरी आणि मोहरी तो आता हाताने ओळखतो. कॉफीची मागणी आहे, दक्षिणेकडून माल वेळेवर येत नाही, जवळचा मिळाला तर हवाच आहे, पण पारख कोणी करायची? भावाने छाती काढून माझ्याकडे बोट दाखवलं. माझी बहीण बी. एस्सी. आहे, नागपूरची.

आमच्याकडे हंगामाचं नवं काहीही आलं की आधी देवाला दाखवल्याशिवाय कोणाच्या तोंडी पडत नाही. वलगावला पहिली मेथी, पहिली वांगी, सगळं आधी देवासमोर. आईने कॉफीलाही तोच नियम लावला. मी म्हटलं, देवाला कॉफी चालते असं कुठे लिहिलं आहे? ती म्हणाली, "पोरानं पिकवलं ते चालते. त्याले काय चव नाही का?" दूध सकाळचं, साखर परमिटावरची जपून ठेवलेली, जायफळ उगाळलेलं. भांडं मात्र देवाचंच हवं. देवाचा एक लहान पितळी गंज आहे. गंज म्हणजे तुमच्या पुण्याकडचं पातेलं. त्याला ती कल्हई लावू देत नाही, कारण कल्हईवाल्याच्या हातून आलेलं भांडं तिच्या देवाला चालत नाही. त्या गंजात दूध तापलं, मी आणलेली पूड पडली, आणि बघता बघता दुधाचे गोळे होऊन पाणी वेगळं झालं.

आई गंज पदराने उचलून मागल्या दारी घेऊन गेली आणि जाता जाता म्हणाली, "देवानं घेतलं नाही." भाऊ हसला. "देवालेबी चहाच पायजे असन," असं म्हणून त्याने व्यापाऱ्याकडे पाहिलं. व्यापारी हसला नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाईसाहेब, देवाचं राहू द्या. तुमचं सायन्स काय म्हणते?"

मी म्हटलं, आम्ल जास्त आहे. बी वाळताना आंबली असावी. आणि शेवटी असंही म्हटलं की ही झाडं बाकीच्या बागेत राहिली, तोडणीत फळं मिसळली, तर सगळा माल बिघडेल. हे शेवटचं मला कोणी विचारलं नव्हतं.

भावाचं हसू गेलं. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "माह्या वाळवण्यात चुकलं का?"

मी म्हटलं, "असेल."

बाई, तुम्हाला मी आठवते की नाही कोण जाणे. वलगावहून भाजीच्या छकड्यात बसून अमरावतीला येणारी मुलगी, शाळेच्या फाटकाशी उतरताना परकराला चिकटलेली मेथीची पानं झटकायची. तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर रागावलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. शास्त्राच्या खोलीत दोन बशांत पांढरी पूड ठेवली आहे, एक मीठ, एक तुरटी, आणि कोणती कोणती ते ओळखायचं आहे. इतर मुली पाणी, दिवा, नळ्या यांची जमवाजमव करतात. मी बोट ओलं करून चाखते आणि हात वर करते. उत्तर बरोबर आहे. तुम्ही माझ्यापाशी येता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "तुझ्या जिभेला मी काय म्हणून मानायचं? दुसऱ्याला दाखवता येईल असं काहीतरी आण." तुम्ही मला त्या दिवशी शून्य दिलंत. मी रडले नाही. मी तुमचं वाक्य घेऊन गेले आणि पुढची सगळी वर्षं त्याच्यावर जगले. मॅट्रिकचा निकाल लागल्यावर तुम्ही मला काचेची ढवळकांडी दिलीत, तीही अजून रोज वापरते. पण तुमचं ते वाक्य माझ्याइतकं कोणी मनावर घेतलं असेल असं वाटत नाही. नागपूरला मैत्रिणी विचारायच्या, हे लुगडं कसं दिसतं? मी सांगायची, रंग पक्का आहे.

गिरणीत आम्ल म्हणजे खराबी. तेलात ते वाढलं की तेल खवट झालं, प्रश्न संपला. मी रोज तेच मोजते. त्यामुळे व्यापाऱ्याने विचारल्यावर माझ्याकडे शब्द तयार होता आणि तो शब्द दुसऱ्याला दाखवता येण्याजोगा होता. कॉफीत थोडं आम्ल असणं हा गुणही असू शकतो, एखाद्या जातीचा तो स्वभाव असू शकतो, हे मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही. भांड्याकडेही पाहिलं नाही. पितळ, कल्हई नाही, आणि समोर नासलेलं दूध. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही आधी भांडं तपासलं असतं. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

ते कळलं ते असं. चार-सहा दिवसांनी सकाळी मी मागल्या दारी तोंड धुवत होते. आई देवाची भांडी घासायला बसली होती. गंजात रात्रीपासून चिंच भिजत घातलेली. तिने कोळ काढून टाकला, चिंचेच्या चोथ्याने भांडं लखलखीत केलं आणि तांब्याभर पाण्यात बुडवून बाहेर काढलं. एकदाच. अकोल्याला आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे, देवाच्या भांड्यांना ती ते लावत नाही, आणि गोडं पाणी लांबून आणावं लागतं. म्हणून देवाची सगळी भांडी एकाच पाण्यातून निघतात. मी विचारलं, त्या कॉफीच्या दिवशीही असंच केलं होतंस? ती म्हणाली, "रोजच त करतो. काहून?" मी म्हटलं, काही नाही. ती गंज उन्हात पालथा घालायला गेली.

त्या दिवशी संध्याकाळी मी थैलीतल्या उरलेल्या बिया गिरणीत नेल्या आणि सगळं पुन्हा केलं. काचेच्या भांड्यात ताजं दूध, तीच पूड, तितकीच. दूध नासलं नाही. मग आईचा गंज कागदात गुंडाळून नेला होता त्यात केलं, चिंच लावून, एका पाण्यातून काढून. नासलं. दोष बीचा नव्हता, भांड्याला राहिलेल्या चिंचेचा होता; तुमच्या दृष्टीने इथे काम पुरं झालं. दाखवता येईल असं माझ्याकडे आता सगळं आहे, फक्त ते कोणाला दाखवावं हे कळत नाही.

व्यापाऱ्याला सांगितलं तर तो माझी सही घडी करून खिशात घालील आणि म्हणेल, ज्या बाईचं मत आठवड्यात फिरतं तिच्या भरवशावर मी माल कशाला उचलू? त्याने बाकीची बाग घ्यायचं कबूल केलं ते त्याच सहीवर. म्हणजे ती सही खोटी ठरवली तर भावाचा सगळाच व्यवहार जाईल. भावाला सांगितलं तर तो ते पोटात ठेवू शकणार नाही, पहिल्यांदा आईपाशी बोलेल. आणि आईला काय सांगायचं? तुझ्या देवाच्या भांड्याने तुझ्या मुलाची झाडं पाडली, असं? ती त्या दिवसापासून देवापुढे जरा जास्त वेळ बसते. भाऊ निरोप पाठवतो, त्यात विनोद नसतो. त्याने चटया नव्या विणून घेतल्या आहेत, कारण त्याला वाटतं जुन्या चटयांना कुबट वास लागला असेल. एका निरोपात त्याने विचारलं होतं की फळं किती बोटं जाड पसरायची ते सायन्सच्या पुस्तकात पाहून कळव. मी कळवलं नाही. पुस्तकात ते नाही, आणि त्याची चूक नव्हती हेही मला लिहिता आलं नाही.

हे सगळं तुम्हालाच का लिहिते, त्याचंही सांगते. मेलेल्यांना पत्र पोचत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण मी ओळखत होते त्यांच्यात कॉफीला कॉफी म्हणून मान देणारं माणूस एक तुम्हीच होतात. राजापेठेतल्या तुमच्या त्या दोन खोल्या, खिडकीतली कोळशाची शेगडी, पुण्याहून तुमच्या भावाने पाठवलेला कॉफीचा डबा. रविवारी मी वह्या घेऊन यायची आणि तुम्ही वह्या बाजूला सारून आधी कॉफी करायचात. उकळी येताना नाक पुढे करून बसायचात आणि मध्येच म्हणायचात, "आता." ते 'आता' कशावरून, हे मी कधी विचारलं नाही. शाळेतल्या बाई आणि शेगडीजवळच्या बाई एकच, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं, म्हणून मी शेगडीजवळच्या बाईंकडे लक्षच दिलं नाही.

शेवटचं आले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते आणि कळलं की तुम्हाला विषमज्वर झाला आहे, उतार पडतो आहे. मी दारात उभी आहे. खोलीत फिनेलचा वास आहे. शेजारच्या काकूंनी तुमच्या हट्टाने कॉफी करून आणली आहे आणि तुम्ही उशीला टेकून एक घोट घेतला आहे. तुम्ही कप माझ्यापुढे करता. म्हणता, "माझ्या जिभेला आज काहीच कळत नाही. तू पिऊन सांग, कशी झाली आहे?" मी दुसऱ्या कपात थोडी ओतून घेते, पिते आणि सांगते, साखर बेताची आहे, जायफळ थोडं जास्त झालं आहे. तुम्ही म्हणता, "ते मोजमाप झालं. कशी झाली आहे?" मी म्हणते, "ठीक आहे." तुम्ही कपाळावरची ओली घडी सरळ करता आणि अगदी हळू म्हणता, "ठीक म्हणजे मला काहीच मिळालं नाही." मला तेव्हा वाटलं, ताप आहे, म्हणून बोलतात. मी नागपूरला परत गेले. तो ताप उलटला हे मला पुढच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या पत्रातून समजलं.

आज मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येतं, पण वेगळ्या कॉफीबद्दल. विहिरीजवळच्या त्या झाडांची कॉफी दूध न घालता प्यावी. आधी आंबट लागते, पण दूध फाटतं तशी नाही. पिकलेल्या कवठात गूळ कालवल्यावर येतो तसा तो आंबटपणा आहे. गरम असताना वास फुलाचा येतो, कोणत्या फुलाचा ते मला सांगता येत नाही. आणि थोडी निवली की साखर नसताना गोड लागते. कडूपणा शेवटी येतो आणि रेंगाळत नाही. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ आणि आजारी माणूस. अशी कॉफी असते हे वऱ्हाडात कोणी मला सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आता राहिलं ते लिहिते. वर मी जे लिहिलं त्यावरून असं वाटेल की मी दूध नासलेलं पाहून फसले आणि नंतर चूक कळली. तसं झालं नाही. बिया भाजल्या त्याच संध्याकाळी, घरी नेण्याआधी, देवाला दाखवण्याआधी, मी प्रयोगशाळेत एकटीने थोडी पूड काचेच्या भांड्यात उकळून प्यायले होते. नुसतं तपासायचं म्हणून. पहिल्या घोटाला मी उभी होते. दुसऱ्याला स्टूल ओढून बसले. मग सगळी संपवली. ती मला इतकी आवडली की खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा तो ओळखायला मला वेळ लागला, आणि मला लाज वाटली, कोणीतरी पाहिल्यासारखी. मी भांडं दोनदा धुतलं. घरी येऊन बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दूध नासलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, बाई. हायसं वाटलं. जे आवडलं त्याला काही पुरावा नव्हता, आणि जे नासलं ते सगळ्यांना दिसत होतं. भावाने विचारलं तेव्हाही ती चव माझ्या जिभेवर होती, आणि मी "असेल" म्हटलं.

तर मला तुम्हाला विचारायचं आहे ते एवढंच. व्यवहार मोडला तरी चालेल, आईला कळलं तरी चालेल, असं धरून मी भावाला सगळं सांगावं, की नुसतं 'झाडं ठेव, मला ती कॉफी आवडते' असं म्हणावं? दुसरं सोपं दिसतं, पण ते वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही. तो सध्या खाली वलगावला आहे आणि गुरुवारी पहाटे निघून सकाळच्या मोटारीने परतवाड्याहून वर जाणार आहे, बरोबर दोन गडी आणि कुऱ्हाडी. बुधवारी दुपारच्या गाडीने मी बडनेऱ्याला उतरले तर रात्रीच्या आत वलगावला पोचते. त्यासाठी रजेचा अर्ज आदल्या दिवशी द्यावा लागतो.

कृपया मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवावे.